मागच्या दाराचे डॉक्टर

आमचं नवं नाट्यगृह बांधून पुरं व्हायच्या आधीच डॉक्टरांनी ते सगळं बघून टाकलं होतं. शहर संपून उचगाव सुरू होतं त्या बाजूला, ऊस गेल्यावर मोकळ्या राहिलेल्या एका पट्टीवर पाया खणायला घेतला, त्या दिवसापासून ते तिथं हजर असत. घरच्या म्हशींचं आवरलं की सायकल काढायची आणि बांधकामावर यायचं. गवंड्याला विचारायचं, "हे भोक कशाला ठेवलंय?"

"एसीचं हाय."

"मग आतनं गार हवा येणार. आणि आतली गरम हवा कुठनं भाईर जाणार?"

गवंडी थापी खाली ठेवून विचार करायला लागायचा आणि मुकादम लांबून ओरडायचा. शेवटी मुकादमानं डॉक्टरांना एक रिकामा डबा उपडा घालून दिला. "पावणं, हितं बसा आणि कुणाशी बोलू नका," असं सांगितलं. ते बसायचे. बोलायचं मात्र सोडलं नाही.

डॉक्टर म्हणजे खरे डॉक्टर नव्हेत. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. आधी चंदगडकडच्या पावसात, मग कागल तालुक्यात, आणि निवृत्त होऊन उचगावच्या घरी. सुई टोचणाऱ्याला आमच्याकडं डॉक्टरच म्हणतात, मग टोचून घेणारा माणूस असो की बैल. आता ते नाहीत. पण त्या पहिल्या हंगामाचा विषय निघाला की मला आधी नाटकं आठवत नाहीत. फिकट निळा हाफ स्वेटर घातलेला, उंच, थोडा पुढं झुकलेला एक माणूस मागच्या दारापाशी उभा असलेला आठवतो.

मी तेव्हा एका सहकारी बँकेत होते. संध्याकाळी आमच्या हौशी मंडळींबरोबर नाटकात काम करायची. नाट्यगृह ज्या मंडळानं बांधलं त्यांच्याकडं पगारी माणसं फारशी नव्हती, म्हणून पहिल्या हंगामात आम्ही नाटकवालेच पडेल ते काम करत होतो. माझ्याकडं दारावर तिकिटं बघायचं काम होतं.

त्या हंगामात सगळंच नवं आणि थोडं कच्चं होतं. आत शिरलं की रंगाचा आणि नव्या गालिच्याचा वास नाकात बसायचा. काही खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळं गंभीर प्रसंगात कुणी कूस बदलली की करकर ऐकू यायचं. एसी एकतर बंद असायचा नाहीतर हुडहुडी भरवायचा. बायका पदर कानावरून घट्ट ओढून बसत, पुरुष टॉवेल गुंडाळत. काहीजण तर चकचकीत फरशी बघून दाराबाहेरच चपला काढायला लागले होते, त्यांना "पायात घाला, पायात घाला" म्हणून मला ओरडावं लागे.

उद्घाटनाचं नाटक मुंबईहून आलं होतं. डॉक्टरांनी त्याआधी जत्रेतला तमाशा सोडला तर काही पाहिलेलं नव्हतं. पण इमारत कशासाठी बांधली ते कळायला पाहिजे म्हणून त्यांनी तिकीट काढलं. नाटक आई आणि मुलीचं होतं. शेवटी मुलगी घर सोडते, आई दार लावून घेते, आणि दाराच्या दोन बाजूंना दोघी उभ्या असताना पडदा पडतो. टाळ्यांचा कडकडाट झाला. अर्ध्या तासानं मी मागच्या बाजूला गेले, तर डॉक्टर कलाकारांच्या दारापाशी उभे, आणि त्यांच्यासमोर नाटकातले वडील, म्हणजे एक नावाजलेले नट, तोंड पुसत थांबलेले.

"तेवढं सांगा," डॉक्टर म्हणत होते, "त्या पोरीचं पुढं काय झालं?"

नट हसले. "आजोबा, पडदा पडला. संपलं नाटक."

"पडदा तुमच्या बाजूनं पडला. आमच्या बाजूनं ती अजून दाराभाईर हुभी हाय की! कुठं गेली ती? एवढ्या रातीची?"

"ते प्रेक्षकांनी ठरवायचं असतं."

"मी कसं ठरवू? मी तिला आजच बघितली. तुमी तर बा हाय तिचा."

नटांनी माझ्याकडं बघितलं. मी डॉक्टरांचा दंड धरून त्यांना बाजूला घेतलं. रागावलेले नव्हते ते. खरंच बुचकळ्यात पडले होते. आपल्या मुलीचं काय झालं हे बापाला ठाऊक नाही आणि तरी तो हसतो, याचं त्यांना नवल वाटत होतं.

त्यानंतर प्रत्येक नाटकाला हेच. नाटक संपलं की गर्दी पुढच्या दारानं बाहेर आणि डॉक्टर वळसा घालून मागच्या दाराशी. विनोदी नाटकातल्या चोराला त्यांनी विचारलं की जामीन कोण राहिला. ऐतिहासिक नाटकातल्या सरदाराला विचारलं, तुमचा घोडा लढाईत मेला म्हणता, मग घरी कसे पोचला? बहुतेक जण चेष्टेवारी न्यायचे. काहीजण सेल्फी काढायचे. डॉक्टर सेल्फीला उभे राहायचे आणि फोटो झाला की पुन्हा विचारायचे.

एका नाटकात मात्र निराळं घडलं. त्यात एक बाई आपल्या आजारी नवऱ्याला भावाच्या घरी सोडून निघून जाते. ती भूमिका करणारी नटी पुण्याची होती, वयानं चाळिशीची. डॉक्टरांनी विचारलं, "त्यो जगला का? आणि ही परत गेली का न्हाय?" नटी सामानाच्या पेटीवर बसली. चहाचा कप तिनं दोन्ही हातांत धरला होता.

"मला माहीत नाही हो," ती म्हणाली. "शंभरावर प्रयोग झाले, पण मी कधी विचारच केला नाही."

"मग करा की. सवडीनं करा, घाई न्हाय."

पाच-सहा दिवसांनी तिनं आमच्या एका माणसाकडून माझा नंबर मिळवून फोन केला. म्हणाली, "त्या आजोबांना सांगाल का? ती परत गेली. पण आत नाही गेली, खिडकीतून बघून आली." मी निरोप पोचवला. डॉक्टरांनी तो ऐकून समाधानानं मान हलवली. "आसंच आसंल. तिच्या चालण्यावरनं वाटलंच हुतं."

मी त्यांना एकदा विचारलं, ही सवय कुठली?

"नोकरीतली," ते म्हणाले. "जनावर बोलत न्हाय. सुई टोचायची आणि निघायचं. रातभर डोक्यात, पुढं काय झालं आसंल? चंदगडला आसताना एका वस्तीवर गाय इताना आडली हुती. कशीबशी सोडवली. तेवढ्यात माझी बदली कागलला. चैन पडंना. मग रजा टाकून एस्टीनं परत गेलतो. तर मालकानं गाय इकलेली. मग ज्याला इकली त्याच्या गावाला गेलो."

"मग?"

"बरी हुती की. मला बघितल्याबरोबर शिंगं रोखून धावली." हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला की जणू गाईनं हार घातला होता.

हंगाम अर्ध्यावर आला आणि तक्रार आली. एक मोठे नट, ज्यांच्या नावावर आमचं नाट्यगृह भरलं होतं, आमच्या अध्यक्षांना म्हणाले की तुमच्याकडं कुणी म्हातारा मागच्या दारी येऊन कलाकारांची उलटतपासणी घेतो, हे चालणार नाही. अध्यक्ष फौंड्रीवाले, मोकळा माणूस, पण नवं नाट्यगृह आणि पुण्या-मुंबईच्या मंडळींची मर्जी, दोन्हीची त्यांना धास्ती होती. त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुझं ऐकतील ते. मागच्या दारी येऊ नका म्हणून सांग. नाटक बघू देत, त्याला कुणाची ना न्हाय."

मी स्कूटर काढून उचगावला गेले. दारासमोर गोठा, गोठ्यात तीन म्हशी. डॉक्टर वैरण तोडत होते. त्यांची बायको धार काढत बसली होती. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तशी 'मी येतो, मी जातो' असं बोलणारी. तिनं मान न वळवता विचारलं, "नाटकवाल्या बाई न्हवं? बसा. ह्यास्नी काय इचारायचं आसंल तर इचारा, उलटं त्येच तुमास्नी इचारतील."

मी अडखळत निरोप सांगितला. डॉक्टरांचा कोयता थांबला.

"तरास झाला व्हय त्यास्नी?"

"तसं नाही डॉक्टर, पण दमलेले असतात..."

"बरं. न्हाय यायचा." आणि पुन्हा वैरण तोडायला लागले.

त्यांनी वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. मी उठणार, तेवढ्यात डॉक्टरांच्या बायको, पुढं मी त्यांना काकीच म्हणायला लागले, म्हणाल्या, "चूक ह्यांची न्हाय, बाई. माझी हाय. मी सांगतो तुमास्नी." त्यांनी दुधाची चरवी बाजूला ठेवली. "हे नाटक बघून येत्यात आणि मला सांगत्यात. झ्याक सांगत्यात, आवाज काढून. आणि ऐन वक्ताला म्हणत्यात, संपलं. आता पोरगी दाराभाईर, आई दाराच्या आत, आणि संपलं? आसं कुठं संपतंय? मी म्हटलं, तुमी मधीच उठून आलासा. न्हायतर डोळा लागला आसंल."

"मी न्हाय झोपलो," डॉक्टर वैरणीकडं बघत म्हणाले.

"मग पुढचं सांगा म्हटलं!"

"म्हणून तर इचारून येत हुतो."

मला हसू आवरेना. म्हटलं, "काकी, मग तुम्हीच का येत नाही नाटकाला?"

"मला कोण चल म्हणालं?"

डॉक्टर पहिल्यांदा वर बघून बोलले. "तुला यायचं हुतं?"

"इचारलंसा कवा?"

म्हशीनं शेपूट मारली, काकींनी तिला शिवी हासडली आणि चरवी पुन्हा गुडघ्यात धरली.

डॉक्टरांनी शब्द पाळला. पुढच्या नाटकाला आले, पडदा पडल्यावर आपल्या खुर्चीत बसून राहिले. झाडूवाल्या बायका आल्यावर उठले, पुढच्या दारानं बाहेर पडून सायकलवर बसून निघून गेले. त्याच्या पुढच्या नाटकाला आलेच नाहीत. मी दारावर तिकिटं फाडत होते आणि प्रत्येक उंच माणसाकडं बघत होते. दुसऱ्या दिवशी फोन केला तर काकींनी उचलला. "सोडलं त्यांनी नाटक," त्या म्हणाल्या. "म्हणत्यात, आर्धं आणून काय करू?"

हंगामाचं शेवटचं नाटक आमचं होतं. आमच्यातल्याच एकानं लिहिलेलं आणि त्यानंच बसवलेलं. लागोपाठ दोन रविवारी दुपारी दोन प्रयोग ठरले होते. गोष्ट साधी होती. हायवेच्या कडेला खानावळ चालवणारी एक बाई, आणि रस्ता रुंद करायला तिची खानावळ जाणार. ती बाई मी करत होते. शेवटच्या प्रसंगात खानावळ रिकामी होते. सकाळी जेसीबी येणार असतो. मी बाहेर येते, दाराला कुलूप लावते, किल्ली हातात घेऊन उभी राहते. अंधार.

दोन तिकिटं घेऊन मी पुन्हा उचगावला गेले. "मागचं दार त्या दिवशी आमचं आहे," मी सांगितलं, "आणि तुम्हाला मी बोलावतेय. दोघांना."

दोघं चालत आले. काकींनी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं, डॉक्टरांच्या अंगात तो निळा स्वेटर. आत बसल्याबसल्या काकींनी नवऱ्याच्या कानांना टॉवेल बांधला. त्या कुजबुजत बोलू शकत नसत, त्यामुळं नाटकभर आम्हाला त्यांचं मत कळत राहिलं. मोजणीवाले अधिकारी टेप घेऊन रंगमंचावर आले तर त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आलं मुडदं!" सगळं नाट्यगृह हसलं आणि टेप धरणारा आमचा नट आपलं वाक्य विसरला. पण शेवटाकडं त्यांचा आवाज बंद झाला. मी कुलूप लावलं तेव्हा प्लॅस्टिकचीसुद्धा करकर झाली नाही.

प्रयोग संपल्यावर मी तशीच, तोंडाला रंग असतानाच मागच्या दारी गेले. डॉक्टर दारापाशी नव्हते. लांब, भिंतीच्या कोपऱ्यावर उभे होते, कारण अध्यक्ष दारातच होते. मी हाक मारली तरी ते हलेनात. शेवटी अध्यक्षांनीच हात केला. तेव्हा आले.

"बाई, एक इचारू?"

"विचारा."

"सकाळी जेसीबी येणार. घर पाडणार. मग हिनं कुलूप कशाला लावलं?"

दोन महिने तालीम केली होती. हात न थरथरता किल्ली कशी फिरवायची, उजेडात कुलूप दिसेल असं कसं उभं राहायचं, सगळं घोटलं होतं. पण कशाला लावलं हे मी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. मी दिग्दर्शकाकडं बघितलं. तो म्हणाला, "ते प्रतीक आहे." डॉक्टरांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं हे दिसत होतं.

"कशाला म्हंजे?" काकी मागून म्हणाल्या. "कुलूप लावल्याबिगर बाई घराभाईर पडती व्हय? सकाळी पडंना का घर. आज हाय न्हवं?"

डॉक्टर बायकोकडं वळले. त्यांचा प्रश्न अजून पुरा झाला नव्हता.

"मग पुढं?"

"पुढं काय? संपलं की."

"संपलं?" डॉक्टरांचा आवाज चढला. "आणि इतकं दिस माझ्या मागं लागलीस ती? मुंबईच्या माणसांम्होरं मला येडा ठरवलंस ती?"

"तुमी सांगत हुतासा तवा संपत न्हवतं. त्याला मी काय करू?"

अध्यक्ष एवढे मोठ्यानं हसले की आतून लोक बघायला आले. डोळे पुसत ते म्हणाले, "डॉक्टर, माझा शब्द मी मागं घेतला. दार तुमचं. कुणी कुरकुर केली तर मी हाय." डॉक्टरांचं तिकडं लक्ष नव्हतं. घरी जाताना ते चार पावलं पुढं आणि काकी मागं असे चालले होते, आणि रस्ताभर काकींचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.

दुसऱ्या रविवारच्या प्रयोगाला काकी एकट्याच आल्या, गल्लीतल्या दोघी बायकांबरोबर. मी विचारलं, "डॉक्टर कुठं?"

"म्हस व्यायला झालीया. ते कसलं हालत्यात तिथनं."

"आणि तुम्ही परत तेच नाटक बघणार?"

"मागल्या खेपंला निम्मं नाटक ह्यांचं कान झाकण्यात गेलं," काकी म्हणाल्या.

प्रयोग संपला तेव्हा ऊन कललं होतं. बरोबरच्या बायका बाजाराला गेल्या होत्या, म्हणून मी काकींना स्कूटरवरून घरी सोडायला गेले. वाटेत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, आजचा प्रयोग पडला बहुतेक.

स्कूटर सुरूच ठेवून मी काकींच्या मागोमाग गोठ्यात शिरले. आत अंधारून आलं होतं. म्हैस आडवी झाली होती. डॉक्टर बाह्या वर करून तिच्या मागं बसले होते, शेजारी तेलाची वाटी आणि गोणपाट. त्यांनी आमची चाहूल घेतली आणि म्हणाले, "बाई, ती ब्याटरी धरा हिकडं." मी बॅटरी धरली. रेडकाचे पुढचे दोन खूर दिसत होते.

"झालं नाटक?" त्यांनी बायकोला विचारलं.

"झालं."

"सांग मग."

काकी खांबाला टेकून बसल्या आणि सांगायला लागल्या. "एक बाई हुती. हायवेच्या कडंला तिची खानावळ..." मी बॅटरी धरून ऐकत होते. ते माझंच नाटक होतं आणि नव्हतंही. आमच्या खानावळीत कुत्रा नव्हता, काकींच्या खानावळीत होता. लंगडा, रोज उष्टं खायला येणारा. आमच्या बाईची सासू कधीच मेलेली होती, त्यांनी तिला जिवंत करून चुलीजवळ बसवलं होतं. मोजणीवाल्यांनी जेवून पैसे दिले नाहीत, हेही आमच्या नाटकात कुठं नव्हतं.

"हं. मग?" डॉक्टर म्हणत. गेल्याच रविवारी त्यांनी हे नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं होतं. पण त्यांचं 'मग' खरं होतं. ते नुसता हुंकार देत नव्हते.

म्हशीनं जोर केला. रेडकाची नाकपुडी दिसली. डॉक्टरांनी खूर धरून हलक्या हातानं ओढ घेतली. काकी थांबल्या.

"का थांबलीस?"

"आधी ते बघा."

"ते हाय हातात. तू सांग."

"मग तिनं घर झाडलं," काकी म्हणाल्या. "भांडी तर आदीच गेलती. मोकळंच घर झाडलं. भाईर आली, कुलूप लावलं. दोनदा वडून बघितलं. किल्ली कनवटीला खोचली आणि निघाली."

आमच्या नाटकात ती बाई किल्ली हातात घेऊन नुसती उभी राहायची. झाडायची नाही, खोचायची नाही, निघायची तर नाहीच.

तेवढ्यात रेडकू घसरत गोणपाटावर आलं. डॉक्टरांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, गवताची काडी नाकात फिरवली. रेडकानं जोरात फुरफुर केली आणि मान हलवली. पारडी होती, मादी. त्यांनी तिला ओढून म्हशीच्या तोंडाशी नेलं, म्हैस चाटायला लागली, मग हात तसेच अधांतरी धरून ते बायकोकडं वळले.

"कुठं निघाली?"

काकी उठल्या. पदर खोचला. "आधी तुमास्नी गरम पाणी देतो. मग सांगतो."

माझी स्कूटर दारात तशीच सुरू होती. मी जाऊन ती बंद केली आणि परत येऊन पायरीवर बसले.